विकतची गणिती आज्ञावली : सोय आणि परावलंबन

ठाण्याहून निघणारा रस्ता ज्या घोडबंदरापाशी खाडीला भिडतो, त्या बंदराचे नाव घोड्यांच्या व्यापारावरून पडले असे सांगतात. समुद्रापलीकडून आलेला घोडा घेताना जाणता गिऱ्हाईक तीन गोष्टी पाहत असेल : किंमत काय, खात्री कोणाची आणि लगाम कोणाच्या हाती. आज त्याच रस्त्यावर, कासारवडवलीस, २०१४ सालापासून ए. पी. शहा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी हे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांस संगणकाकडून गणित करवून घेण्यासाठी ज्या आज्ञावल्या लागतात, त्यांतील बऱ्याच परदेशी कंपन्यांच्या आहेत. त्यांच्या बाबतीतही प्रश्न हेच तीन होत.

या आज्ञावल्या आरंभापासून विकाऊ होत्या असे मात्र नव्हे. अमेरिकेतील न्यू मेक्सिको विद्यापीठात क्लीव्ह मोलर हे गणिताचे अध्यापक होते. फोरट्रान भाषेत स्वतः आज्ञा लिहिण्याच्या कष्टातून विद्यार्थ्यांची सुटका व्हावी, म्हणून १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी मॅटलॅब रचले व ते विनामूल्य वाटले. पुढे जॅक लिटल या अभियंत्याने त्यातील व्यापारी सामर्थ्य ओळखले. मूळ आज्ञावली सी भाषेत नव्याने लिहिली गेली आणि १९८४ साली मॅथवर्क्स कंपनी निघाली. १९८८ साली स्टीफन वुल्फ्रम यांचे मॅथेमॅटिका बाजारात आले.

व्यापारामुळे लाभ झाला, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. पगारी तज्ज्ञ, सुबोध मार्गदर्शिका, अडचणीस उत्तर देणारा जबाबदार विक्रेता आणि निरनिराळ्या शास्त्रांसाठी तयार साधनसंच ही कंपनीच्या मालाची बलस्थाने होत. यंत्राच्या नियंत्रणाची रचना आकृतीच्या रूपाने मांडून पडताळणारे सिम्युलिंक मोटार व विमान उद्योगांत रूढ झाले आहे. असे कारखाने नोकरी देताना त्या साधनाची ओळख पाहणारच. विद्यार्थ्यांस स्वस्त परवाना मिळतो, हेही खरे. परंतु तो शिक्षणापुरता असतो. पदवी घेऊन स्वतःचा लहानसा धंदा काढणाऱ्या तरुणास पूर्ण किंमत मोजावी लागते, आणि तोवर हाताला दुसऱ्या साधनाची सवय उरलेली नसते.

दुसरा प्रश्न खात्रीचा. ठाण्यात शालेय शिक्षण झालेले व देवळालीस शिक्षकी करणारे द. रा. कापरेकर यांनी ६१७४ या संख्येचा गुणधर्म १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. ३५२४ हे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने लिहून वजाबाकी करावी, ३०८७ येतात. पुन्हा तसेच केल्यास ८३५२ व नंतर ६१७४ येतात. ही पडताळणी कोणीही पाटीवर करू शकतो. बंद आज्ञावलीचे उत्तर मात्र विश्वासावर घ्यावे लागते. ड्युरान, पेरेझ व वारोना या तिघा स्पॅनिश गणितज्ञांनी २०१४ साली अमेरिकन गणित संस्थेच्या नियतकालिकात दाखवून दिले की, मोठ्या पूर्णांकांच्या चौदा ओळी व चौदा स्तंभांच्या सारणीचा निश्चयक काढताना मॅथेमॅटिका चुकीचे उत्तर देई; इतकेच नव्हे, तर तोच प्रश्न पुन्हा विचारता निराळे उत्तर येई. चूक कोठे आहे हे त्यांस पाहता येईना, कारण आतील मजकूर कंपनीच्या कुलपात होता. खुल्या आज्ञावलीतही चुका असतात; परंतु तेथे शोधणाऱ्यास दार बंद नसते.

तिसरा प्रश्न लगामाचा, आणि तोच सर्वांत गंभीर. २०२० साली अमेरिकी सरकारच्या निर्बंधांमुळे चीनमधील हार्बिन येथील दोन विद्यापीठांचा मॅटलॅबचा वापर बंद पडला. त्यांचा पैसा कमी पडला नव्हता. परवानगी आटली होती. उलट, मॅक्सिमाचा इतिहास पाहावा. एमआयटीत जन्मलेली मॅक्सिमा ही आज्ञावली १९८२ साली सिम्बॉलिक्स कंपनीस दिली गेली. काळाच्या ओघात तो व्यापार बुडाला. परंतु तिची एक प्रत टेक्सास विद्यापीठाचे विल्यम शेल्टर यांनी २००१ साली मृत्यू येईपर्यंत जतन केली, १९९८ साली ती खुली करण्याची अनुमती मिळविली, आणि ती आजही चालते आहे.

या धड्याचा उपयोग ठाण्यापासून जवळच, पवईस झाला. तेथील आयआयटीत प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली केंद्र सरकारच्या साहाय्याने फॉसी हा खुल्या आज्ञावल्यांचा प्रकल्प उभा राहिला. फ्रान्समध्ये निर्माण झालेल्या सायलॅबमध्ये प्रमाणग्रंथांतील सोडविलेली उदाहरणे विद्यार्थ्यांकडून लिहवून घ्यावयाची, तपासून सर्वांस मोफत द्यावयाची व त्याबद्दल मानधन द्यावयाचे, अशी त्याची एक योजना आहे. सायलॅबचे पाठ मराठीतूनही ऐकावयास मिळतात. मुंबई विद्यापीठाच्या २०१६ च्या अभियांत्रिकी गणिताच्या अभ्यासक्रमातही सायलॅबला स्थान मिळाले.

सायलॅब वा ऑक्टेव्ह ही साधने सर्वच बाबतींत विकतच्या मालाची बरोबरी करतात, असे नाही. सिम्युलिंकच्या तोडीचे काम हवे तेथे कारखान्याने ते अवश्य विकत घ्यावे. परंतु विद्येचा आरंभ खुल्या साधनावर व्हावा, आणि महत्त्वाचे उत्तर दोन निरनिराळ्या आज्ञावल्यांवर ताडून पाहावे. ज्याला दोन्ही येतात, तो विकत घेतो तेव्हा निवड म्हणून घेतो. ज्याला एकच येते, त्याला मात्र सांगेल ती किंमत देण्यावाचून गत्यंतर राहत नाही.