मेडशीच्या मुलाची दुसरी भाषा : एका शालेय विषयाचा इतिहास

१/
अकोल्याहून पातूरमार्गे वाशिमकडे जाताना वाटेत मेडशी लागते. वाशिम जिल्हा, मालेगाव तालुका. या गावातील एखाद्या मुलीने हायस्कुलात फ्रेंच किंवा स्पॅनिश शिकायचे ठरवले, तर तो निर्णय तिच्या एकटीच्या हाती असतो का? शाळेतील 'दुसरी भाषा' नेमकी कोण निवडते, या प्रश्नाला महाराष्ट्रात मोठा आणि बराचसा वेदनादायक इतिहास आहे. त्यावर हा थ्रेड.

२/
आरंभ मेडशीच्या परिसरातूनच करू. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. चौथ्या शतकातील विंध्यशक्ती द्वितीय याचा वाशिम ताम्रपट दोन भाषांत कोरलेला आहे. राजाची वंशावळ संस्कृतात आहे, तर दानाचा प्रत्यक्ष तपशील प्राकृतात. प्रतिष्ठेची भाषा एक आणि व्यवहाराची दुसरी, ही विभागणी इतकी जुनी आहे.

३/
पुढे भाषा बदलल्या, विभागणी मात्र टिकली. निजामाच्या अमलात वऱ्हाडच्या दरबारी कागदांची भाषा फारसी होती; गावचा हिशेब मराठीत आणि मोडी लिपीत लिहिला जाई. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि प्रतिष्ठेच्या जागी इंग्रजी आली. नोकरी हवी असेल, तर सत्तेची भाषा शिकणे भाग होते.

४/
१८५७ साली मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली. हायस्कुलाचे शेवटचे टोक म्हणजे या विद्यापीठाची मॅट्रिक परीक्षा. इंग्रजी अनिवार्य होती, तिच्या जोडीला दुसरी भाषा घ्यावी लागे. संस्कृत, फारसी, लॅटिन अशा अभिजात भाषांना मोठा मान होता. कालांतराने फ्रेंचही त्या यादीत आली.

५/
मातृभाषेचे स्थान या काळात विलक्षण होते. १८६० च्या दशकात मराठी, गुजराती आदी देशी भाषा विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांतून वगळल्या गेल्या. त्यांना परत आणण्यासाठी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी दीर्घकाळ प्रयत्न केले. १९०१ मध्ये, म्हणजे रानड्यांच्या निधनाच्या वर्षीच, एम.ए.च्या परीक्षेत मराठीला प्रवेश मिळाला.

६/
आता याच मॅट्रिकला बसलेले दोन विद्यार्थी पाहू. पहिला राजकोटच्या हायस्कुलातील मोहनदास करमचंद गांधी. संस्कृत जड वाटू लागली, फारसी सोपी असल्याचे कानावर आले, तेव्हा तो एक दिवस फारसीच्या वर्गात जाऊन बसला. संस्कृतच्या शिक्षकांना, कृष्णशंकर मास्तरांना, वाईट वाटले. त्यांनी त्याला बोलावून समजावले, अडचण असेल तर आपल्याकडे येण्यास सांगितले आणि पुन्हा संस्कृतच्या वर्गात नेले. हा प्रसंग गांधीजींनी आत्मकथेत कृतज्ञतेने नोंदवला आहे.

७/
१८८७ मध्ये गांधी मॅट्रिक झाले. पुढे बॅरिस्टरीसाठी लंडनला गेल्यावर त्यांनी तेथील मॅट्रिकही देण्याचे ठरवले. तिच्यात लॅटिन आणि एक आधुनिक युरोपीय भाषा अनिवार्य होती. त्यांनी फ्रेंच निवडली. पहिल्या प्रयत्नात लॅटिनने दगा दिला, दुसऱ्या प्रयत्नात ते उत्तीर्ण झाले. थोडक्यात, वाट चुकलेल्या विद्यार्थ्याला वर्गात परत बोलावणारा शिक्षक त्यांना लाभला होता आणि पुढची भाषा निवडण्याची मुभाही.

८/
दुसरा विद्यार्थी मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातील भीमराव रामजी आंबेडकर. त्याला संस्कृत शिकायची होती. परंतु अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीच्या मुलाला संस्कृत शिकवण्यास शिक्षकाने नकार दिला. नाइलाजाने त्याने दुसरी भाषा म्हणून फारसी घेतली आणि १९०७ साली तो मॅट्रिक झाला.

९/
परीक्षा तीच, विद्यापीठ तेच, अंतर केवळ वीस वर्षांचे. एका मुलाला फारसीच्या वर्गातून संस्कृतकडे मायेने परत नेले गेले, तर दुसऱ्याला संस्कृतच्या दारातून फारसीकडे वळवले गेले. वेळापत्रकावर दोन्ही भाषा 'ऐच्छिक' होत्या. इच्छा कोणाची चालायची, हे जातीने ठरवले होते.

१०/
बाबासाहेबांची पुढची वाटचाल येथे महत्त्वाची ठरते. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. अर्थशास्त्र आणि इतिहासाच्या अनेक विषयांसोबत त्यांनी तेथे प्राथमिक फ्रेंच आणि जर्मन यांचेही अभ्यासक्रम घेतले. १९२० च्या दशकाच्या आरंभी जर्मनीतील बॉन विद्यापीठात त्यांनी नाव नोंदवले. ज्या संस्कृतचे दार बंद झाले होते, तीही पुढे त्यांनी स्वतःच्या प्रयत्नांनी शिकून घेतली.

११/
परकी भाषा येऊन साधते काय? मराठ्यांच्या इतिहासापुरते उत्तर स्पष्ट आहे. फ्रेंचांनी १६६८ मध्ये सुरतेला वखार घातली. १६७४ मध्ये फ्रान्स्वा मार्तँ याने पुदुच्चेरीत फ्रेंच ठाण्याचा पाया घातला. शिवाजी महाराजांच्या दक्षिण दिग्विजयाचा काळ त्याने जवळून पाहिला आणि त्याच्या आठवणी फ्रेंचमध्ये लिहून ठेवल्या. आबे कारे या प्रवाशानेही महाराजांविषयी फ्रेंचमध्येच लिहिले. ही साधने मुळातून वाचायची, तर फ्रेंच येणे आवश्यक आहे.

१२/
ते काम एका मराठी अभ्यासकाने केले. व्ही. जी. हातळकर यांचा १६६८ ते १८१५ या काळातील फ्रेंच-मराठे संबंधांवरील इंग्रजी ग्रंथ १९५८ मध्ये मुंबई विद्यापीठाने प्रसिद्ध केला. मराठ्यांच्या इतिहासाशी संबंधित फ्रेंच कागदपत्रेही त्यांनी इंग्रजीत आणली. हातळकरांना फ्रेंच आली नसती, तर मराठी वाचकाला या कागदांसाठी इतरांच्या निवडीवरच विसंबावे लागले असते.

१३/
गोव्यातही असेच घडले. पणजीच्या लिसेवमध्ये, म्हणजे १८५४ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी माध्यमिक विद्यालयात, पोर्तुगीजबरोबर फ्रेंचही शिकवली जाई. १९१० मध्ये पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले आणि गोव्यातील हिंदूंना शिक्षणात व नोकरीत समान हक्क मिळाले. त्या पिढीतील पांडुरंग पिसुर्लेकर (१८९४–१९६९) यांनी पोर्तुगीज आत्मसात करून गोव्याच्या पुराभिलेखागारातील कागद उजेडात आणले. त्यांचा 'पोर्तुगेज-मराठे संबंध' हा ग्रंथ पुणे विद्यापीठाने १९६७ मध्ये प्रसिद्ध केला. हक्क मिळाला, भाषा मिळाली आणि मग इतिहास मिळाला, असा तो क्रम होता.

१४/
आज पुण्या-मुंबईच्या कनिष्ठ महाविद्यालयांत फ्रेंच आणि जर्मन परिचयाच्या आहेत. गुण चांगले मिळतात, म्हणूनही अनेक जण त्या घेतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिक स्तरावर देता येतील अशा परकी भाषांत फ्रेंच, स्पॅनिश, जर्मन, पोर्तुगीज, रशियन, जपानी, कोरियन आणि थाई यांची नावे घेतली. कागदावर ही यादी मेडशीलाही लागू आहे.

१५/
पण यादीतील भाषा वर्गात यायला शिक्षक लागतो. पुण्यात परकी भाषेची शिकवणी पुढच्या चौकात सापडते. मालेगाव तालुक्यातील मुलीला त्यासाठी जिल्हा ओलांडावा लागतो, नाहीतर मोबाइलवर विसंबावे लागते. आंबेडकरांना मिळालेला नकार माणसाने तोंडावर दिलेला होता. अंतराने आणि पैशाने दिलेला नकार कोणी उच्चारत नाही, त्यामुळे त्याची नोंदही होत नाही.

१६/
दोन्ही नकार सारखे नाहीत. जातीच्या नकारामागे अपमान होता आणि त्याची बरोबरी कशाशीही होऊ शकत नाही. तरीही इतिहास एक साधी कसोटी हाती देतो. एखादी भाषा 'ऐच्छिक' म्हटली की पाहावे, ती निवडू इच्छिणाऱ्या शेवटच्या बाकावरील विद्यार्थ्यापर्यंत तिचा शिक्षक पोहोचतो का.

१७/
वत्सगुल्माच्या ताम्रपटात प्रतिष्ठेची आणि व्यवहाराची भाषा शेजारी-शेजारी कोरलेली आहे. त्या भूमीतील एखादी मुलगी उद्या मार्तँच्या आठवणी मूळ फ्रेंचमधून वाचील आणि मराठ्यांच्या इतिहासात एखादे नवे पान जोडील. तिच्यात बुद्धीची उणीव कधीच नव्हती. तिला हवा आहे तो वर्ग, आणि राजकोटच्या त्या मास्तरांसारखा, तिला आत बोलावणारा शिक्षक.

(समाप्त)