जळत्या जहाजाचं भूत

ऱ्होड आयलंडच्या पॉइंट ज्युडिथहून उन्हाळ्यात फेरीने ब्लॉक आयलंडला जाऊन आलेली बरीच मराठी कुटुंबं असतील. सायकली, आइस्क्रीम, दीपगृह आणि परत. पण या बेटाजवळ नाताळ ते नववर्षाच्या सुमारास समुद्रात एक पेटलेलं जहाज दिसतं, ही आख्यायिका तिथे पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. त्याला म्हणतात ‘पॅलेटाइन लाइट’.

कवी व्हिटियरने १८६७ साली या जहाजावर एक कविता लिहिली आणि ती घरोघरी पोचली. बेटावरच्या लोकांनी खोटे दिवे दाखवून जहाज खडकावर आणलं, लुटलं आणि पेटवून दिलं, अशी तिची कथा. बेटकऱ्यांना ही बदनामी फार झोंबली.

खरी हकिगत वेगळी आहे. जहाजाचं नाव ‘प्रिन्सेस ऑगस्टा’. १७३८ साली ते रॉटरडॅमहून निघालं. प्रवासी होते सुमारे ३४०, बहुतेक सगळे जर्मनीच्या पॅलेटिनेट भागातले. नव्या देशात बस्तान बसवायला निघालेले. पिण्याचं पाणी दूषित निघालं. ताप आणि हगवणीने सुमारे २०० प्रवासी दगावले. कप्तान जॉर्ज लाँगही गेला. सूत्रं अँड्र्यू ब्रुककडे आली. पुढे वादळं. उरलेल्या तुटपुंज्या शिध्यासाठीही प्रवाशांकडून पैसे उकळले गेले.

२७ डिसेंबर १७३८ रोजी, बर्फाच्या वादळात, जहाज बेटाच्या उत्तर टोकाला आदळलं. ब्रुक खलाशांना घेऊन किनाऱ्यावर आला. प्रवासी जहाजावरच राहिले. त्यांना उतरवून घेण्यासाठी त्याचं मन वळवलं ते बेटकऱ्यांनी. त्यांचं सामानही बेटकऱ्यांनीच काढून आणलं. किनाऱ्याला लागल्यावरही सुमारे वीसजण वाचले नाहीत. त्यांना मूठमाती दिली तीही बेटावरच. हे सारं कळतं खलाशांच्या जबान्यांवरून. पण त्या कागदपत्रांकडे लोकांचं लक्ष गेलं ते विसाव्या शतकात. तोवर कवितेने निकाल देऊन टाकला होता.

आपल्याकडे तरी वेगळं काय? १७ जुलै १९४७ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली. त्या दिवशी आषाढ अमावस्या होती. कोकणात अजून कुणी आठवण काढलीच, तर आधी अमावस्या निघते; भर पावसाळ्यातलं खवळलेलं पाणी आणि खचाखच भरलेली बोट मागाहून.

भुताची गोष्ट सांगायला सोपी असते. तिच्यात कुणाला जबाब द्यावा लागत नाही. दूषित पाणी, शिध्याचे पैसे, बोटीत बसून निघून गेलेले खलाशी, हे सगळं त्या ज्वाळांच्या उजेडात दिसेनासं होतं.

बेटाच्या नैर्ऋत्य भागात ‘पॅलेटाइन ग्रेव्ह्ज, १७३८’ अशी अक्षरं कोरलेला एक साधा दगड आहे. स्थानिक इतिहास मंडळाने तो १९४७ साली बसवला. त्यावर कुणाचंही नाव नाही. आपण विमानाने आलो, दोन बॅगा घेऊन. ते आले नाहीत, पोचले फक्त. पुढच्या खेपेला दीपगृह बघून झाल्यावर मुलांना त्या दगडापाशीही न्यावं. आणि गोष्ट सांगायचीच, तर भुताची नको, त्या माणसांची सांगावी.