पाटणे (चाळीसगाव तालुका)

पाटणे हे महाराष्ट्रातील जळगाव जिल्ह्याच्या चाळीसगाव तालुक्यातील एक लहान गाव आहे. ते चाळीसगावच्या नैर्ऋत्येस सुमारे १८ किलोमीटरवर, सातमाळा डोंगररांगेच्या पायथ्याशी वसले आहे. लगतचे जंगल गौताळा औट्रमघाट अभयारण्यात मोडते. डोंगरावर पितळखोऱ्याची प्राचीन बौद्ध लेणी आहेत. पाटणादेवी या नावाने प्रसिद्ध असलेल्या चंडिकादेवीच्या दर्शनासाठी येथे भाविक येतात. इतिहासात मात्र गावाचे नाव राहिले ते एका मठामुळे.

भास्कराचार्यांचा मठ

यादवकाळात येथे यादवांचे मांडलिक निकुंभ घराण्याची सत्ता होती. गणिती भास्कराचार्य (जन्म इ.स. १११४) यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा मुख्य ज्योतिषी होता. (तापीकाठचे योगी चांगदेव ते हे नव्हेत.) सिद्धान्तशिरोमणी आणि घराण्यातील इतर विद्वानांचे ग्रंथ शिकविले जावेत, म्हणून त्याने येथे मठ स्थापन केला. निकुंभ सोइदेव याने शके ११२८, प्रभव संवत्सरातील श्रावण पौर्णिमेस (९ ऑगस्ट १२०७) चंद्रग्रहणाच्या वेळी मठास दान दिले. ग्रहणकाळी दान देण्याची प्रथा जुनीच. येथे ते ग्रहणाचे गणित शिकविणाऱ्या मठास मिळाले.

शिलालेख

ही माहिती देवीच्या मंदिरातील शिलालेखात आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये तो अभ्यासकांपुढे आणला. लेख मुख्यतः संस्कृतात असला तरी त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि तोच अधिक बोलका आहे. बाजारात येणाऱ्या मालावरील राजाचा कर मठास दिला आहे. प्रत्येक तेलघाण्यामागे एक पळी तेल मठाचे. गावात जे मोजले जाईल ते मठाच्या मापाने मोजावे व मापणावळ मठ आणि मापाडी यांनी अर्धी अर्धी घ्यावी, असेही ठरविले आहे. म्हणजे मठाचा खर्च केवळ राजाच्या खजिन्यातून नव्हे, तर गावाच्या रोजच्या व्यापारातून भागत असे.

जन्मस्थानाचा वाद

भास्कराचार्यांनी आपले गाव सह्याद्रीजवळील विज्जडविड असल्याचे लिहिले आहे. त्यांचा पुत्र लक्ष्मीधर यास यादव राजा जैत्रपालाने ‘या नगरातून’ नेले, असे शिलालेख सांगतो. त्यावरून काही अभ्यासक पाटणे परिसरालाच भास्कराचार्यांचे मूळ स्थान मानतात. इतर काही जण विज्जडविड बीड किंवा विजापूरकडे शोधतात. शिलालेखातून घराण्याचा येथील वास दिसतो, पण विज्जडविड हे नाव त्यात येत नाही.