दिवाळीच्या पंगतीची डावी बाजू



दिवाळी पंधरा दिवसांवर आली की आपले फोन सुरू होतात. गोडाचं सगळ्यांचं ठरलेलं असतं. निर्वाण लाडू सकाळी मंदिरात चढतो, घरात पुरणपोळी नाहीतर श्रीखंड. अडतं ते बाकीच्या पदार्थांवर. पाहुणे आल्या आल्या हातात काय द्यायचं? पानात डावीकडे काय वाढायचं? मोठ्यांना चमचमीत हवं, लहानांना तिखट चालत नाही, कुणाचं कंदमूळ बंद, कुणाचं रात्रीभोजन बंद. शेवटी सूनबाई म्हणते, "आई, आपल्याकडे नाही-नाहीचीच यादी मोठी. करायचं तरी काय?"

हा प्रश्न मला नुसता स्वयंपाकाचा वाटत नाही. आपल्या मुलानातवंडांना जैन जेवण म्हणजे वजाबाकी वाटू लागली आहे. दुसऱ्यांच्या जेवणातून कांदा काढा, बटाटा काढा, उरलं ते आपलं, अशी. असं वाटणारं मूल पुढे घरचा नियम पाळतं ते नाइलाजाने, आणि संधी मिळाली की सोडतं.

मी कॉमर्सची पदवीधर. हिशोब जुळेना की आरंभीची शिल्लक तपासायची, एवढं डोक्यात पक्कं बसलं आहे. म्हणून आज आपल्या पानातल्या तोंडीलावण्याची आरंभीची शिल्लक पाहू.

सुरुवात सणापासूनच करते. दिवाळी आपल्यासाठी भगवान महावीरांच्या निर्वाणाचा दिवस. परंपरेने हे निर्वाण इ.स.पूर्व 527 मध्ये पावापुरीला झालं, आणि दुसऱ्या दिवसापासून वीर निर्वाण संवत सुरू होतं. आचार्य जिनसेनांच्या 'हरिवंशपुराणा'त, जे शके 705 म्हणजे इ.स. 783 मध्ये पूर्ण झालं, या निर्वाणाच्या स्मरणार्थ लोक दीपालिका साजरी करतात असा उल्लेख आहे. म्हणजे साडेबाराशे वर्षांपूर्वीही हा दिव्यांचा सण आपल्या ग्रंथात नोंदलेला होता. आणि सण म्हटला की पंगत आलीच.

पानात आधीपासून काय होतं?

आमच्या सांगली-कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात जैन घरांत मराठी आणि कानडी शेजारी शेजारी नांदतात. म्हणून या शिलकेची पहिली पानं कन्नडमध्ये सापडतात याचं मला नवल वाटलं नाही.

शिवकोट्याचार्यांचा 'वड्डाराधने' हा साधारण इ.स. 920 च्या सुमाराचा कथाग्रंथ. कन्नडमधल्या सर्वांत जुन्या गद्यग्रंथांत तो मोडतो. त्यात एक गृहिणी घरी आलेल्या ब्रह्मचाऱ्याला अठरा पदार्थ वाढते, आणि त्यांत 'इड्डलिगे' आहे. आपल्या इडलीचा हा फार जुना लेखी उल्लेख. मैत्रिणींनो, अकराशे वर्षांपूर्वी एक बाई पाहुण्याच्या पानात काय काय वाढायचं याची जुळवाजुळव करत होती, आणि ती जुळवाजुळव एका जैन आचार्यांना लिहून ठेवावीशी वाटली!

त्यानंतर साधारण शंभर वर्षांनी, इ.स. 1025 च्या सुमारास, दुसऱ्या चावुंडरायांनी 'लोकोपकार' लिहिला. श्रवणबेळगोळची बाहुबलींची मूर्ती उभारणारे चावुंडराय वेगळे, ते यांच्या आधीचे. 'लोकोपकार' हे संसारी माणसाच्या रोजच्या उपयोगाचं पुस्तक. शेती, पाऊस, घरबांधणी, औषधं, सुगंधी द्रव्यं, आणि त्यातच स्वयंपाकही. उडीद ताकात भिजवायचे, बारीक वाटायचे, त्यात दह्याची निवळ घालायची आणि हिंग, जिरे, धने, मिरे मिसळायचे, असा इडलीचा प्रकार त्यात दिला आहे. तांदूळ नाही, आणि रात्रभर आंबवण्याचाही उल्लेख नाही.

पुढे कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ येतो, बाराव्या शतकातला. हा राजदरबाराचा ग्रंथ. त्यात मांसाहारही आहे, तेव्हा तो आपला आचारग्रंथ नव्हे. पण त्यातली 'इड्डरिका' पाहा. उडदाच्या बारीक पिठाचे छोटे गोळे तुपात तळायचे आणि वर मिरेपूड, जिरेपूड, हिंग भुरभुरवायचं. आजच्या भाषेत सरळ सरळ स्टार्टर! वडे दुधात भिजवून केलेला 'क्षीरवट'ही त्यात आहे.

गुजरातकडे वळलं तर आपला ढोकळा भेटतो. 1066 सालच्या एका जैन ग्रंथात 'दुक्किया' नावाने त्याचा पूर्वज येतो, अशी नोंद अन्नाचे इतिहासकार के. टी. अचया यांनी केली आहे.

आणि मग 1508 साल. कर्नाटकातले जैन कवी तिसरे मंगरस यांनी 'सूपशास्त्र' लिहिलं. पूर्ण शाकाहारी पाकशास्त्र, आणि तेही पद्यात. पिठाचे पदार्थ, पेयं, खिरी आणि भाताचे प्रकार, वांगी, केळी-फणस, बांबूचे कोंब. वांग्यावर एवढं लिहिणारा जैन कवी पाहून तुमच्यातल्या काहीजणींच्या भुवया उंचावतील, कारण अनेक घरांत बहुबीज म्हणून वांगं वर्ज्य असतं. त्यावरून एवढंच कळतं की सगळ्या काळात आणि सगळ्या प्रांतांत नियम एकाच मापाचा नव्हता. हा आपल्या-तुपल्या घरातला फरक पाचशे वर्षांपूर्वीही होता. म्हणून पंगतीत एकमेकींच्या पानाकडे पाहून नाक मुरडू नये.

नवी जमा कधी झाली?

1508 हे साल मी मुद्दाम लक्षात ठेवलं. वास्को द गामा 1498 मध्ये कालिकतला उतरला आणि 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतलं. त्यांच्या जहाजांमार्फत अमेरिका खंडातला माल हळूहळू आपल्याकडे आला. मिरची, बटाटा, टोमॅटो, मका, शेंगदाणा, काजू, पेरू ही सगळी त्या खंडातली पिकं. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोही तिकडचाच. 'बटाटा' हा आपला शब्दही पोर्तुगीजांकडून आलेला.

म्हणजे 'सूपशास्त्र' लिहिलं गेलं तेव्हा आपल्या मुलखात कुणाच्याच घरी बटाटा नव्हता. जैनाच्याही नाही आणि दुसऱ्या कुणाच्याही नाही. बटाटेवडा नाही, साबुदाण्याची खिचडी नाही, हिरव्या मिरचीचा ठेचा नाही. तरी पंगती उठत होत्या, पाहुणे तृप्त होत होते. आपल्या पानातून बटाटा 'काढलेला' नाही, तो आपल्या मूळ शिलकेत नव्हताच. कांदा-लसणाची गोष्ट वेगळी. ते या देशात फार जुने, आणि आपल्याकडे ते विचारपूर्वक बाजूला ठेवले गेले. त्याचं कारण मुलांना वेगळं समजावून सांगायचं. पण त्यांच्या जागी वासाला हिंग आणि तिखटाला मिरे ही जोडी हजार वर्षांपूर्वीच्या 'लोकोपकारा'त तयार आहे.

गंमत अशी की पोर्तुगीज इथे आले ते मुख्यतः मिऱ्यांसाठी. मिरे न्यायला आले आणि मिरची देऊन गेले. तोवर आपल्या जेवणाचा तिखटपणा मिरे, सुंठ आणि पिंपळीचा होता. मिऱ्याची तिखाई कमी-जास्त करणं सोपं. पूड वरून भुरभुरवली की झालं. लहान-मोठ्यांच्या पंगतीचं निम्मं कोडं इथेच सुटतं.

आता यंदाचा बेत

पश्चिम महाराष्ट्रात दिवाळीच्या सुमारास सूर्य सहाच्या आसपास मावळतो. सूर्यास्ताच्या दोन घटका, म्हणजे 48 मिनिटं आधी जेवण आटपायचं तर सव्वापाचला हात धुतलेले हवेत. एरवी नोकरीवाल्या मुलासुनांना हे जमत नाही, त्यांचा दोष नाही. पण दिवाळीच्या सुट्टीत सगळे घरी असतात. वर्षातून निदान या एका दिवशी तीन पिढ्या उजेडी एका पंगतीला बसू शकतात, म्हणून या जेवणाचा बेत मी एवढा मनावर घेते. साडेतीनला हातात खायला, सव्वाचारला पानं.

मोठी बारा आणि मुलं सहा धरून माझा हिशोब असा.

पहिला पदार्थ 'मानसोल्लासा'तल्या इड्डरिकेच्या चालीचा. अर्धा किलो उडीद डाळ सकाळी साध्या पाण्यात भिजवायची, दुपारी वाटायची, मीठ घालून लहान लिंबाएवढे गोळे तुपात किंवा तेलात तळायचे. पन्नासेक होतात. मुलांसाठी वर फक्त जिरेपूड, मोठ्यांसाठी मिरेपूड आणि हिंगही. पीठ त्याच दिवसाचं, त्यामुळे शिळ्याचा प्रश्न नाही.

दुसरा, कच्च्या केळ्यांची कटलेट. मुंबईच्या हॉटेलांत जैन पावभाजी बटाट्याऐवजी केळी घालून करतात, तीच युक्ती. मध्यम आकाराची बारा केळी सालासकट उकडा, सोलून कुस्करा, सुंठपूड, जिरे, लिंबू, मीठ आणि बांधायला भाजलेल्या पोह्यांची पूड. तीसेक होतात. निम्म्या सारणात मोठ्यांसाठी हिरवी मिरची घाला, आणि ती कटलेट लांबट वळा, मुलांची गोल. वाढताना घोटाळा होत नाही.

तिसरा, मूगडाळीचा ढोकळा, दही न घालता, लिंबावर. वरची फोडणी मोहरी-तिळाची.

आता पानातली डावी बाजू. मीठ, लिंबाची फोड, ओल्या खोबऱ्याची चटणी, चिंच-गुळाची आंबटगोड चटणी, आणि दीड किलो काकडीची खमंग काकडी, दही न घालता. ज्या घरी शेंगदाणा चालत नाही तिथे कुटाऐवजी ओलं खोबरं. उजवीकडे तोंडल्याच्या काचऱ्या आणि दुधी-चणाडाळ. चातुर्मासातला पालेभाजीचा नियम अजून चालू असेल त्यांनी सजावटीची कोथिंबीर वगळावी.

इथे एक खुलासा हवा. जुन्या ग्रंथातला उडीद-ताकाचा प्रकार वाचून कुणी विचारेल, मग द्विदलाचं काय? डाळीबरोबर कच्चं दही-ताक आपल्याकडे वर्ज्य आहे, हे खरं. 'लोकोपकार' व्यवहाराचं पुस्तक आहे, श्रावकाचार नव्हे. त्यातून इतिहास घ्यावा, नियम आपापल्या गुरूंचा पाळावा. दही तापवून घेतलं तर चालतं की नाही यावरही आपल्यात दोन मतं आहेत. म्हणून मी वरच्या बेतात डाळीच्या पदार्थांत दही ठेवलंच नाही. कुठल्याही घरचा पाहुणा निःशंक जेवू शकेल.

मुलांसाठी वेगळा मेनू करू नका, असं माझं आग्रहाने सांगणं आहे. वेगळं पान म्हणजे 'तुमचं जेवण वेगळं, आमचं वेगळं' हा पहिला धडा. बाजारची पाकिटं फोडून त्यांच्यापुढे ठेवली की त्यांना घरच्या चवीची ओळख व्हायची कधी? सारण तेच, तिखट कमी, आकार लहान, एवढाच फरक पुरे. आणि त्यांना काम द्या. आमच्याकडे मिरेपूड भुरभुरवायचं काम दहा वर्षांच्या नातीकडे आहे. कुणाला किती, हे ती प्रत्येकाला विचारून घालते. तिला इड्डरिकेची गोष्ट सांगितली, तेव्हा तिने विचारलं, "म्हणजे हे पिझ्झापेक्षा जुनं?" मी म्हटलं, "तुझ्या पिझ्झ्यावरचा टोमॅटोसुद्धा याच्यापुढे कालचा पाहुणा." तिने ही गोष्ट तिच्या वर्गात जाऊन सांगितली. कटलेटमध्ये बटाटा का नाही, असं तिने त्यानंतर विचारलेलं नाही.

तुमच्या घरीही अशी जुनी शिल्लक नक्की असेल. एखाद्या सासूबाईंची सुंठ-मिऱ्याची पूड, आजोळची केळफुलाची भाजी, कुणाचं कैरीचं साल वाळवून ठेवायचं तंत्र. ज्यांना ते येतं त्या आता सत्तरी-ऐंशीच्या आहेत. यंदा वहीपूजनाला जमाखर्चाच्या वहीशेजारी एक कोरी वही ठेवा. पहिल्या पानावर वीर निर्वाण संवताचा आकडा घाला, आणि त्याखाली त्यांच्याकडून विचारून एक तोंडीलावणं लिहा, मापासकट. 'अंदाजाने' असं लिहू नका. अंदाज ज्याच्या हाताचा, त्याच्याबरोबरच जातो.

सर्वांना निर्वाण महोत्सवाच्या शुभेच्छा. जय जिनेंद्र.