पंप तापतो, दोष पिशवीचा

काचतंतूंचे कापड रेझीनमध्ये भिजवायचे, साच्यावर अंथरायचे, वरून प्लॅस्टिकची पिशवी चिकटवायची आणि निर्वात पंपाने आतली हवा काढायची. मग बाहेरचे वातावरणच दर चौरस मीटरला जवळजवळ १० टन भाराने ते थर दाबून धरते. होड्यांची कवचे, ग्लायडरचे पंख असे बनवता येतात. रेझीन घट्ट होईपर्यंत पंप कित्येक तास चालतो. मध्येच तो हात लावणार नाही इतका तापला, तर पहिला संशय पंपावरच जातो. इतिहास मात्र दुसरीकडे बोट दाखवतो.

जर्मनीतील माग्डेबुर्गच्या ओटो फॉन गेरिकेने १६५०च्या सुमारास पहिला निर्वात पंप बनवला. त्याने बिअरचे लाकडी पिंप पाण्याने भरून ते पाणी उपसले. आत पोकळी उरायला हवी होती, पण पाणी उकळत असल्यासारखा आवाज येऊ लागला. लाकडाच्या छिद्रांतून हवा आत शिरत होती! पंप ठीक होता, पिंप गळके होते. नंतर घेतलेला तांब्याचा गोल हवेच्या दाबाने चेपला. अधिक काटेकोर गोल केल्यावरच प्रयोग साधला. इंग्लंडमध्ये १६५९ साली रॉबर्ट हूकने रॉबर्ट बॉइलसाठी पंप बनवला, त्यालाही ही झिरप पुरती चुकली नाही.

पण गळतीने पंप तापतो कसा? विरळ हवा वातावरणाच्या दाबापर्यंत दाबून बाहेर टाकणे, हे पंपाचे काम. त्यातूनच उष्णता निर्माण होते. आत हवाच नसेल, तर दाबायचे काय? आणि पूर्ण दाबाची हवा असेल, तर तिला आणखी दाबायची गरज नाही. म्हणजे दोन्ही टोकांना श्रम कमी, मध्ये जास्त. तापमान स्थिर मानले तर एका फेरीतील काम = आतला दाब × आकारमान × (वातावरणाचा दाब ÷ आतला दाब) याचा नैसर्गिक लॉगॅरिदम. बारावीचे विद्यार्थी पडताळू शकतील की, आतला दाब वातावरणाच्या सुमारे ३७ टक्के असताना हे काम सर्वाधिक असते. चांगला पंप ही अवघड जागा काही मिनिटांत ओलांडतो. पिशवी मोठी गळत असेल, तर तो तिथेच अडकतो.

दुसरा शत्रू पाण्याची वाफ. ती पंपात दाबली जाताच तिचे पाणी होते, तेलात मिसळते आणि वंगण बिघडते. वोल्फगांग गेडेने १९३५ साली यावर उलटा वाटणारा उपाय काढला: दाबण्याच्या वेळी मुद्दाम थोडी हवा आत सोडायची. मग वाफेचे पाणी होण्याआधीच झडप उघडते आणि वाफ बाहेर पडते.

म्हणून पंप बदलण्याआधी त्याचे तोंड बंद करून चालवून पाहावा. तो निवला तर गळती पिशवीत किंवा नळीत शोधावी. तरीही तापला तर तेलाची पातळी, तेलाचा गढूळपणा आणि पंपाभोवतीचा वारा तपासावा. यंत्र जिथे कुरकुरते, तिथेच दुखणे असते असे नाही, हे गेरिकेच्या पिंपाने तेव्हाच दाखवून दिले होते.