गोल टेबल, चौकोनी लुगडं

आजचा भाग जरा घरगुती आहे. सुरुवात होते आमच्या नारायणगावच्या घरातल्या एका भांडणापासून आणि तिथून आपण जाणार आहोत थेट दोन हजार वर्षं मागे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लेखी भाग.

झालं असं की आम्ही जेवणाचं नवीन टेबल केलं. सागवानी, गोल, चार फूट व्यासाचं. सहा माणसं आरामात बसतात. टेबल आलं त्याच आठवड्यात घोडेगावहून आत्या आली आणि तिने पिशवीतून आजीचं इरकली लुगडं काढलं. हिरव्या अंगाचं, लाल काठाचं. म्हणाली, "याचा टेबलक्लॉथ कर. पेटीत कुजण्यापेक्षा बरं." आई म्हणाली, "वन्सं, सासूबाईंच्या लुगड्याला कात्री? माझ्या हातून नाही व्हायचं." दोघीही माझ्याकडे बघायला लागल्या. मी इतिहासाची विद्यार्थिनी, त्यामुळे लगेच उत्तर देण्याऐवजी मी वाचायला बसले.

प्रश्न साधाच होता. आपल्या जुन्नर-आंबेगावच्या मुलखात अन्नाच्या खाली काय अंथरायचे?

सगळ्यात जुना धागा सापडतो तो जुन्नरच्या लेण्यांत. तिथल्या एका ब्राह्मी शिलालेखात चिट नावाच्या यवनाने भिक्षुसंघाला भोजनमंडप दान दिल्याची नोंद आहे. यवन म्हणजे ग्रीक, किंवा ग्रीकांशी नातं सांगणारा. विचार करा, नाणेघाटातून माल वर येतोय, जुन्नर ही बाजारपेठ आहे आणि एक परका माणूस इथे पुण्य म्हणून काय देतो, तर जेवायची जागा! वेरूळच्या पाचव्या लेण्यात दगडात कोरलेले दोन लांब, बुटके बाक समोरासमोर आहेत. ते जेवणासाठी किंवा पठणासाठी असावेत असं अभ्यासक मानतात. म्हणजे सगळ्यांनी रांगेत, एका पातळीवर बसायचं ही कल्पना आपल्या डोंगरांना नवी नाही.

पुढे १४९० मध्ये मलिक अहमदने जुन्नरला निजामशाहीची सुरुवात केली. राजधानी नंतर अहमदनगरला गेली, पण जुन्नरच्या बोलीत, खाण्यात आणि घरांत दख्खनी वळण राहिलं. त्या वळणातलं एक कापड म्हणजे दस्तरखान. जमिनीवर लांब कापड अंथरायचं, त्यावर ताटं-वाडगे मांडायचे आणि सगळ्यांनी कडेने बसायचं. त्यावर पाय द्यायचा नाही. जेवण झालं की कडा आत दुमडून सांडलंलवंडलं तसंच उचलायचं. टेबलक्लॉथचा हा आपल्याकडचा थोरला भाऊ. फक्त त्याच्याखाली टेबल नव्हतं.

शब्दही बघा. रुमाल, चादर हे फारसीतून आले. मेज फारसीत आहे आणि पोर्तुगीजांकडे मेसा आहे. आपल्याकडे दोन्ही बाजूंची दारं उघडी होती. पोर्तुगीजांच्या 'तोआल्या'चा हिंदीत तौलिया झाला आणि गोव्यात तुवालो. गंमत अशी की पोर्तुगीजांचा तो शब्द अंग पुसायच्या कापडालाही चालतो आणि मेजावर अंथरायच्या कापडालाही. आपण मात्र तो न्हाणीघरात नेला, जेवणाच्या जागी येऊ दिला नाही.

का बरं? तर त्याचं उत्तर सोवळ्याओवळ्यात आहे. पंगतीत बसायला पाट, ताटाभोवती रांगोळी, डाव्या बाजूला चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी. पण ताटाखाली कापड नाही. सुती कापड विटाळतं, त्याला खरकटं लागतं. जमीन कशी, शेण फिरवलं की शुद्ध! कापडाला शेण कसं फिरवणार? म्हणून जे काम शेजारच्या घरात दस्तरखान करत होतं, ते इथे रांगोळी करत होती. ही माझी जागा, ही तुझी, एवढं सांगायला ती पुरेशी होती.

आणि 'माझी-तुझी' हाच खरा मुद्दा. मराठीत 'पंक्तिप्रपंच' असा एक शब्द आहे. पंगतीत वाढताना एकाला तूप जास्त, दुसऱ्याला कमी, असा भेदभाव. ज्या भाषेला यासाठी वेगळा शब्द लागला, तिथे हे किती चालत असेल! कोण कोणाच्या पंगतीला बसतो यावर माणसाची जात तोलली जायची. १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी चहाला गेली. त्यात न्यायमूर्ती रानडे होते, टिळकही होते. एवढ्यावरून ग्रामण्य उभं राहिलं आणि प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेलं. मंडळी, एक कप चहा! मग चाळीस वर्षांनी, १९३० मध्ये, डॉ. आंबेडकर लंडनला ज्या परिषदेला गेले तिचं नाव मराठीत रूढ झालं ते 'गोलमेज' म्हणून. गोल मेजाला वरचं टोक नसतं आणि खालचंही नसतं, हा त्या नावातला अर्थ आहे.

हे सगळं वाचताना मला आजी आठवत होती. आजी कधी पंगतीत बसली नाही. आधी पुरुष, मग पोरं, मग पाहुण्या बायका आणि सगळ्यात शेवटी ती, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याजवळ, परातीत उरलंसुरलं घेऊन. त्या बाईचं लुगडं आता गोल टेबलावर घालायचं की नाही, यावर आम्ही भांडत होतो.

आता कात्रीचं बोलू. आईचं म्हणणं होतं की आपल्याकडे धोतर, उपरणं, लुगडं ही वस्त्रं अखंड. खरं आहे ते. पण पूर्ण खरं नाही. लुगडं मध्ये विरलं की बायका विरलेला भाग कापून काढायच्या आणि दोन्ही चांगली टोकं जोडायच्या. त्याला दांड घालणं म्हणतात. पुढे त्याच लुगड्याची गोधडी व्हायची, गोधडी झिजली की पायपुसणं. आजीचं हे लुगडं मी उलगडून बघितलं, तर त्यातही दांड होता! म्हणजे कात्री पहिल्यांदा आजीनेच चालवली होती. तिला कापायचं वावडं नव्हतं. वाया घालवायचं होतं.

आणि गोल कापण्यात वाया जातंच. चौकोनात बसेल तेवढं मोठं वर्तुळ कापलं, तर कापडाचा पाचव्या हिश्शाहून थोडा जास्त भाग चिंध्यांत जातो. शिवाय लुगड्याचा जीव काठात असतो. काठ सरळ, टेबल गोल. वर्तुळ कापलं की काठ गेलाच.

मग आम्ही काय केलं ते सांगते. ज्यांच्या घरी गोल टेबल आहे त्यांना उपयोगी पडेल.

खालचं कापड गोल केलं, साध्या मांजरपाटाचं. हिशेब सोपा आहे, टेबलाचा व्यास अधिक दोन्ही बाजूंचा लोंब. आमचं टेबल १२२ सेंटिमीटर, लोंब २५, म्हणून १७२. रोजच्या वापरात याहून लांब सोडू नका, गुडघ्यात अडकतं. कापडाचा पन्हा साधारण ११२ सेंटिमीटर असतो, म्हणजे जोड द्यावाच लागतो. पण जोड मधोमध घेऊ नका, ताट डुगडुगतं आणि डोळ्यालाही खुपतं. पूर्ण पन्हा मध्ये ठेवा आणि दोन्ही कडांना पट्ट्या जोडा. आधी कापड रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटेल. मग चार पदरी घडी घालायची, घडीच्या कोपऱ्यावर सुतळीचं टोक धरायचं आणि ८६ सेंटिमीटरवर पेन्सिल फिरवायची. शिवणीची दुमड बारीक ठेवा. गोल कडेवर रुंद दुमड घेतली की चुण्या पडतात.

वर लुगडं. त्याचा पन्हा ४५ इंच, म्हणजे सुमारे ११४ सेंटिमीटर. दांडापाशीच उसवलं आणि चांगल्या टोकाकडून तेवढ्याच लांबीचा एक चौकोन घेतला. तो गोल टेबलावर टाकला, तर चारही कोपरे साधारण वीस सेंटिमीटर खाली लोंबतात आणि दोन्ही काठ टेबलाच्या कडेच्या थोडे आत सरळ दिसतात. खालचा पांढरा मांजरपाट चारी बाजूंना अर्धचंद्रासारखा डोकावतो. काठ शाबूत राहिला, चिंधी शून्य. उरलेल्या लुगड्याची आत्या गोधडी शिवणार आहे. एक सांगायचं राहिलं. जुन्या लाल काठाचा रंग जातो का, हे ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळून आधी बघा.

पहिल्या दिवशी मासवडीचा बेत होता. आमच्याकडे पाहुणा आला की मासवडी, दुसरं काही सुचतच नाही. सगळे बसले. आई सवयीने वाढायला उभीच. टेबल गोल, कापड आजीचं आणि सहावी खुर्ची रिकामी! तेव्हा माझ्या लक्षात आलं की टेबल गोल केल्याने पंगत मोडत नाही. वाढणारी बसली तर मोडते.

आत्याने खुर्ची मागे ओढली आणि म्हणाली, "वहिनी, रस्सा मधेच ठेव. ज्याचा त्याने घेईल."

आई बसली. बसता बसता तिच्याच हातून रश्शाचा ओघळ मांजरपाटावर गेला. ती उठणार, तेवढ्यात आत्या म्हणाली, "राहू दे." हळदीच्या डागाला साबण लावला की तो आधी लाल होतो, घाबरायचं नाही. धुऊन कडक उन्हात टाकला की पिवळेपणा हळूहळू उडतो. आमचा अजून पूर्ण उडालेला नाही.

तर मंडळी, तुमच्या घरी अन्नाखाली काय होतं? रांगोळी, दस्तरखान, मेणकापड की नुसती सारवलेली जमीन? आणि शेवटी कोण जेवायचं? घरातल्या मोठ्यांना एकदा विचारून बघा. भेटू पुढच्या भागात.