तळटीप : स्वादुपिंडाबरोबर आद्यांत्र का काढावे लागते?

* आद्यांत्र, म्हणजे जठरापुढचा लहान आतड्याचा पहिला भाग, स्वादुपिंडाच्या शीर्षाला कवेत घेऊन वळतो, आणि दोघांचा रक्तपुरवठाही सामायिक असतो. वरून जठर-आद्यांत्र धमनीच्या शाखा उतरतात, खालून आतड्याकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीच्या शाखा चढतात. शीर्षाच्या पुढे आणि मागे त्या एकमेकींना मिळून दोन कमानी होतात. एक वाट अडली तरी दुसरीकडून रक्त पोहोचते. किती विलक्षण तजवीज! पण शल्यचिकित्सकाला तीच जड जाते. कमानी तोडून शीर्ष काढले, तर आद्यांत्र तगत नाही. म्हणून अमेरिकी शल्यविशारद ॲलन व्हिपल यांच्या नावाच्या शस्त्रक्रियेत (त्यांचा लेख १९३५चा) दोन्ही एकत्र काढतात. स्वादुपिंडाचे शेपूट मुख्यतः प्लीहेच्या धमनीवर जगते; ते मागे ठेवता येते.